बॅजवर ३.१ आलंय आणि अकरावा आठवडा चालू आहे. बाळाच्या मेंदूच्या पेशींना काही झालं असेल का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीजवळच्या एका खासगी सेंटरवर मी सीटी टेक्निशियन आहे, सहा वर्षं झाली. पहिलटकरीण आहे, पाळीच्या तारखेवरून अकरावा आठवडा. गेल्या आठवड्यात आमचा जानेवारी ते मार्चचा टीएलडी बॅजचा (अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणाऱ्या बॅजचा) रिपोर्ट आला. पाच जणांचे बॅज आहेत. चौघांसमोर शून्य आणि माझ्यासमोर ३.१ मिलिसिव्हर्ट. सहा वर्षांत पहिल्यांदाच आकडा आला, तोही नेमका आत्ता.

गरोदर असल्याचं कळवल्यानंतर पोटातल्या बाळाला उरलेल्या दिवसांत मिळून १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त जाऊ नये, असा नियम आहे हे मला पाठ आहे. परीक्षेत लिहिलंय. माझा तर एका तिमाहीतच तिप्पट झाला.

त्यात एप्रिलमध्ये दोनदा लहान मुलांना डोक्याच्या सीटीला धरावं लागलं. एकाची आई आतच यायला तयार नव्हती. दोन्ही वेळा शिशाचा अ‍ॅप्रन घातला होता. पहिल्या वेळी दिवस गेलेत हे मलाच माहीत नव्हतं.

दिरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक बातमी पाठवली. जपानी संशोधकांनी माणसाच्या मेंदूच्या कच्च्या पेशी घेऊन त्यांना कमी डोस दिला, तर ३१ मिलिग्रेलाच (एक्स-रेच्या हिशेबात मिलिग्रे आणि मिलिसिव्हर्ट जवळपास एकच) जीन्सचं काम बदललं म्हणे. ते वाचल्यापासून झोप नाही. सासूबाई म्हणतात उद्याच्या उद्या राजीनामा दे. एनटी स्कॅनची, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी मोजायच्या सोनोग्राफीची, तारीख मीच दोनदा पुढे ढकलली. सोनोग्राफीत रेडिएशन नसतं हे मी रोज पेशंटना सांगते, त्याची भीती नाही. स्क्रीनवर काय दिसेल त्याची आहे.

यातलं कोणी माहितगार असेल तर स्पष्ट सांगा. धीर देण्यापुरतं नको.

सात्त्विक_जीवन

ताई, नोकरी लगेच सोडा. पैसा काय, पुन्हा मिळेल. घरातलं वायफाय आणि मायक्रोवेव्हही बंद करा, तेही रेडिएशनच आहे. तुळशीची पानं आणि काळे तीळ रोज घ्या. आमच्या ओळखीत एकीला फायदा झाला.

माळावरचा_आरएसओ

वरच्या सल्ल्याबद्दल एकच सांगतो. वायफायच्या लहरींत अणूमधून इलेक्ट्रॉन उडवायची ताकद नसते, एक्स-रेत असते. सगळा फरक तिथे आहे. तुळस खुशाल खा.

मी चौतीस वर्षं मुंबईत एका मोठ्या रुग्णालयात रेडिएशन सेफ्टी ऑफिसर होतो, आता देवरुखजवळ आंब्याची कलमं सांभाळतो. पोरी, उत्तर देण्याआधी मला तीन गोष्टी सांग.

ड्युटी संपल्यावर बॅज कुठे ठेवतेस? म्हणजे नेमका कुठे, कुठल्या खोलीत, कशाला लावून?

शेवटच्या पाळीची तारीख काय?

मुलांना धरलंस तेव्हा गँट्रीच्या, म्हणजे मशीनच्या गोल कड्याच्या, तोंडाशी उभी होतीस की बाजूला?

कृष्णाकाठ

काका, पाळी २७ फेब्रुवारीची. मुलांना धरताना टेबलाच्या पायाकडच्या बाजूला होते, हात लांब करून.

बॅज अ‍ॅप्रनलाच लावलेला असतो, आतल्या बाजूने. विसरायला नको म्हणून डिसेंबरपासून तसंच करते. अ‍ॅप्रनचा स्टँड गँट्रीच्या खोलीतच आहे, दाराजवळच्या कोपऱ्यात. बाकीच्यांचे बॅज कन्सोलच्या ड्रॉवरमध्ये असतात.

लिहितानाच माझ्या लक्षात यायला लागलंय.

माळावरचा_आरएसओ

आलं ना लक्षात? तो ३.१ तुझा नाही. तो त्या स्टँडचा आहे.

बॅजमध्ये तीन छोट्या चकत्या असतात, टेफ्लॉनमध्ये बसवलेलं कॅल्शियम सल्फेट आणि त्यात किंचित डिस्प्रोसियम. किरण पडले की ऊर्जा साठवून ठेवतात आणि लॅबमध्ये तापवल्या की तेवढा उजेड बाहेर टाकतात. बिचाऱ्यांना कळत नाही, की आपण कोणाच्या छातीवर आहोत की खुंटीवर. तू काचेपलीकडे कन्सोलवर बसून बटण दाबत होतीस आणि तुझा बॅज आत प्रत्येक पेशंटमागे विखुरलेले किरण खात होता. एका स्कॅनमागे तिथे दोन-तीन मायक्रोग्रे (मिलिग्रेचे हजारावे भाग) धर, दिवसाला वीस स्कॅन धर, तिमाहीचे दिवस धर. तीन मिलिग्रेच्या आसपासच येतं. माझ्या कारकिर्दीत असे सात-आठ बॅज निघाले. एक तर कपडे धुवायला टाकलेल्या कोटाच्या खिशात एक्स-रे रूममध्येच पडून होता. ही सगळी हकीगत तुमच्या आरएसओला लेखी दे, चौकशीत तशी नोंद होते.

आता तारीख. २७ फेब्रुवारीची पाळी म्हणजे गर्भ राहिला तो साधारण १२-१३ मार्चला. रिपोर्ट ३१ मार्चपर्यंतचा. आकडा अगदी खरा धरला, तरी त्यातले अडीच आठवडे काय ते बाळाच्या वाट्याचे, आणि तेव्हा तिथे मेंदू नावाची गोष्ट तयारच झालेली नव्हती.

पण तुला धीर नकोय, स्पष्ट हवंय. म्हणून दुसरी बाजूही लिहितो, कारण आत्ताचे आठवडे खरंच महत्त्वाचे आहेत.

या विषयात जे काही ठामपणे माहीत आहे, त्यातलं बरंचसं हिरोशिमा-नागासाकीच्या मुलांकडून आलंय. ऑगस्ट १९४५ मध्ये जी मुलं आईच्या पोटात होती, त्यांतल्या सुमारे १६०० जणांचा पुढे अनेक वर्षं पाठपुरावा झाला. सुमारे तीस मुलांना तीव्र बौद्धिक अपंगत्व आलं, बऱ्याच जणांची डोकी लहान राहिली. १९८४ मध्ये ओटाके आणि शुल यांनी ही मुलं आठवड्यांप्रमाणे मांडली तेव्हा चित्र स्पष्ट झालं. सगळ्यांत जास्त फटका गर्भधारणेपासून ८ ते १५ आठवड्यांच्या मुलांना, त्यापेक्षा कमी १६ ते २५ वाल्यांना. आठव्याच्या आधीच्या आणि पंचविसाव्याच्या नंतरच्या मुलांत असं वाढलेलं प्रमाण दिसलं नाही. हे आठवडे गर्भधारणेपासूनचे आहेत, पाळीपासूनचे नव्हेत. इथे भलेभले डॉक्टरही दोन आठवड्यांनी चुकतात. तुझा अकरावा म्हणजे त्या हिशेबात नववा. तू त्या खिडकीत आहेस.

नेमके हेच आठवडे का? मी लालबागचा, त्यामुळे मला ते दहीहंडीसारखंच दिसतं. मेंदूच्या आत पाण्याच्या पोकळ्या असतात, त्यांच्या भिंतीलगत नव्या पेशी जन्मतात. तिथून लांब दोरासारख्या आधारपेशी बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत गेलेल्या असतात, त्यांना धरून प्रत्येक नवी पेशी वर चढते. आधी आलेल्या खालच्या थरात थांबतात, मागून येणाऱ्या त्यांना ओलांडून वरचा थर लावतात. हे थर लागण्याचा भर याच दिवसांत असतो. किरणांनी पेशीच्या डीएनएचे दोन्ही धागे तुटले की पी-५३ नावाचं प्रथिन ठरवतं, डागडुजी करायची की पेशी मारून टाकायची. मेंदूच्या कच्च्या पेशींच्या बाबतीत ते पटकन मारायच्या बाजूला झुकतं. गोविंदाच कमी पडले की मेंदू लहान राहतो. आणि काही वाटेतच अडकतात. आठव्या-नवव्या आठवड्यात सापडलेल्या काही जणांचा मोठेपणी एमआरआय केला, तेव्हा पोकळीच्या कडेला करड्या पेशींचे पुंजके दिसले. चढायला निघालेले आणि वर न पोहोचलेले.

हे सगळं मोठ्या डोसवर. त्या खिडकीत १ ग्रे, म्हणजे १००० मिलिग्रे मिळालेल्या मुलांचा बुद्ध्यांक २५ ते ३० गुणांनी खाली गेलेला दिसतो. तुझे ३.१ सगळेच्या सगळे बाळाला मिळाले असं धरलं आणि तीच सरळ रेघ खालपर्यंत ओढली, तरी एका गुणाचा दहावा हिस्साही होत नाही. तेच मूल पुढे सकाळी पोहे खाऊन पेपर लिहील की उपाशी, याने त्याहून जास्त फरक पडेल. १०० मिलिग्रेच्या खालच्या डोससाठी गर्भपाताचा विचार करायचं कारण नाही, असं किरणसुरक्षेची आंतरराष्ट्रीय समिती २००० सालापासून सांगते आहे.

आणि धरलेली मुलं: अ‍ॅप्रनमधलं अर्धा मिलिमीटर शिसं त्या विखुरलेल्या किरणांतले नव्वद टक्क्यांहून जास्त अडवतं. पोटापर्यंत गेले असतील ते मिलिग्रेचे हजारावे भाग. त्याची काळजी सोड. मात्र यापुढे धरायचं नाही, म्हणजे नाहीच. आई तयार नसेल तर बाप, बाप नसेल तर मामा. टेक्निशियनने पेशंट धरणं हे तुझं काम नाही, गरोदर नसतानाही.

पेटरीडिश

काकांचं बहुतेक पटलं, पण त्या जपानी कामाबद्दल मला बोलायचंय, कारण माझा दिवस अशाच पेशींत जातो. पुण्यात पीएचडी करतेय, चौथं वर्ष. माणसाच्या स्टेम सेलपासून मेंदूच्या कच्च्या पेशी वाढवते. ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये, एक दिवसाआड गुलाबी पाणी बदलायचं, पिवळट पडलं तर समजायचं आपण उशीर केला. दिवाळीतही घरी जाता आलं नाही, इतक्या लाडावलेल्या असतात.

ते काम २०१६ चं. स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशींना किरणोत्सारी सीझियमच्या स्रोतातून ७२ तास सलग हळूहळू डोस दिला: एका गटाला ३१, दुसऱ्याला १२४, तिसऱ्याला ४९६ मिलिग्रे. ३१ ला दाहाशी, म्हणजे इंटरफेरॉनच्या साखळीशी संबंधित जीन्स हलली, पेशी-पेशींच्या सांध्यांशी संबंधितही. १२४ ला डीएनए दुरुस्तीची. ४९६ ला पेशींचा मृत्यू आणि चेतापेशी बनण्याची प्रक्रिया यांच्यापर्यंत परिणाम गेला. बातमीवाल्यांनी ३१ उचलला आणि बाकीचं सोडून दिलं.

जीन्स हलली म्हणजे इजा झाली असं नाही. मी नुसता फ्लास्क बाहेर काढून जरा जास्त वेळ टेबलावर ठेवला तरी शेकडो जीन्स वरखाली होतात. पण काका, ‘काही होत नाही’ असं म्हणणंही मला जड जातं. तुटलेल्या डीएनएपाशी एक प्रथिन जमा होतं, त्याला चमकणारा रंग लावला की सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या आकाशात हिरवे ठिपके दिसतात. १ ग्रेला एका पेशीत साधारण चाळीस ठिपके. डोस कमी करत गेलं तसे ठिपके कमी होतात. शून्यावर येऊन थांबतात अशी पायरी मला कधी दिसली नाही. ३ मिलिग्रे म्हणजे आठ-नऊ पेशींत मिळून एक. कमी आहे, पण आहे.

स्वीडनचे मुलगेही आहेत. १९३० ते १९५९ या काळात तिथे तान्ह्या बाळांच्या अंगावरच्या लाल चट्ट्यांवर किरणोपचार करत. त्यांतल्या तीन हजारांवर मुलग्यांचे लष्करभरतीच्या वेळचे निकाल २००४ मध्ये तपासले. मेंदूच्या पुढच्या भागाला काहीच न मिळालेल्यांपैकी ३२ टक्के उच्च माध्यमिक शाळेत गेले होते, २५० मिलिग्रेच्या वर मिळालेल्यांपैकी १७ टक्के. हे काही हिरोशिमा नाही.

माळावरचा_आरएसओ

पेटरीडिशताई, मी ‘काही होत नाही’ असं लिहिलं नाही, तू पुन्हा वाच. पण मुद्दा मान्य. स्वीडनची मुलं मलाही खटकतात. त्यांचा डोस तू दिलेल्या आकड्याइतका, म्हणजे या पोरीच्या आकड्याच्या ऐंशीपट, पण आपण लहानपणी शिकलो त्यापेक्षा तो बराच खाली आहे. आम्हाला शिकवताना मुलांच्या मेंदूला ग्रेच्या खाली फारसं काही होत नाही अशा थाटात शिकवलं जायचं.

ठिपक्यांबद्दल एक भर घालतो. तुझ्या डिशमध्ये किरण न देताही ठिपके असतातच ना? पेशी श्वास घेते, विभागते, त्यातही धागे तुटतात आणि जोडले जातात. त्या गर्दीत आठ पेशींमागे एक. आणि डिशमधल्या ३१ मिलिग्रेचा वेग बघ: तीन दिवसांत. निसर्गाकडून आपल्याला जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे तेरा वर्षांचा वाटा तीन दिवसांत त्या पेशींच्या डोक्यावर ओतला. त्यांना ना नाळ, ना रक्त, ना शेजारी.

स्वीडनचंच दुसरं काम लोक पाठवतात, म्हणून आधीच सांगतो. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघातानंतर तिथे किरणोत्सारी धूळ उतरली आणि त्या वेळी ८ ते २५ आठवड्यांची असलेली मुलं पुढे शाळेत मागे पडली, विशेषतः गणितात, असं अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये छापलं. तिथले डोस इतके कमी होते, की माझ्या क्षेत्रातल्या बहुतेकांना कारण किरणच असतील हे पटत नाही. मला स्वतःलाही नाही. केरळच्या करुनागपल्लीचं उदाहरण देऊन उलट्या बाजूने हात झटकणारेही भेटतात: तिथल्या मोनाझाइटच्या, म्हणजे मुळातच किरणोत्सारी असलेल्या वाळूवर लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात, काही झालं का? तिथल्या मोठ्या अभ्यासात कॅन्सर वाढलेला दिसला नाही हे खरं. पण तो अभ्यास कॅन्सरचा. गर्भातल्या मेंदूचा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही, मग उत्तर कुठून येणार.

चेर्नोबिलची मला जास्त लागलेली गोष्ट ग्रीसची. १९८६ मध्ये तिथल्या बायकांना मिळालेला डोस १ मिलिसिव्हर्टच्याही खाली होता. डॉक्टर गोंधळले, वर्तमानपत्रांनी रान उठवलं. नंतरच्या हिशेबात अंदाज निघाला, की हवी असलेली अडीच हजारांच्या आसपास बाळं पाडली गेली. आमच्याकडेही अशी एक आली होती. पोटाचा एक एक्स-रे, गर्भाला दीड मिलिग्रेच्या आतबाहेर. बाहेरच्या कोणीतरी ‘रिस्क नको’ म्हटलं होतं. माझ्यापर्यंत कागद आला तेव्हा चार दिवस उशीर झाला होता. तिच्या नवऱ्याने मला आकडा विचारला, मी सांगितला. तो बराच वेळ माझ्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरकडे बघत बसला.

हिरोशिमाच्या त्या लहान डोक्याच्या मुलांच्या आईवडिलांनी १९६५ मध्ये एक संघटना काढली, किनोको-काई. किनोको म्हणजे भूछत्र. एक ते आकाशातलं, आणि दुसरं पाचोळा सारून वर येणारं.

दोन_पोरांची_आई

मी शास्त्रातलं काही सांगू शकत नाही. चौथा महिना असताना नाशकात स्कूटरवरून पडले, डोक्याला मार, बेशुद्ध. डोक्याचा सीटी केला. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न बाळाचा. पुढचे पाच महिने मी जे रडले! थोरला आता सातवीत आहे. गणितात कच्चा आहे, पण त्याचे बाबाही आहेत, त्यांचा सीटी कोणी काढला होता?

माळावरचा_आरएसओ

डोक्याच्या सीटीत गर्भाशयाला मिलिग्रेचा शंभरावा भागही पोहोचत नाही. बाबांचाच गुण दिसतोय. थेट ओटीपोटाचा सीटी असता तर गोष्ट वेगळी, तिथे सरासरी २५ मिलिग्रे, कधी त्याच्या तिप्पट. तेव्हा मात्र हिशेब करायला बसावं लागतं.

सुईणबाई

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, ओपीडीतून लिहितेय म्हणून थोडक्यात. एनटी स्कॅन ११ ते साधारण १४ आठवड्यांच्या आतच होतो, त्यानंतर ते माप घेण्यात अर्थ राहत नाही. कृष्णाकाठ, याच आठवड्यात करून घ्या. शंभरात साधारण तीन बाळांत काही ना काही मोठा जन्मजात दोष असतो, किरणांचा काही संबंध नसतानाही. तो स्कॅन त्यासाठी आहे, बॅजसाठी नाही. फॉलिक अ‍ॅसिड चालू आहे ना? थायरॉइड तपासला? मेंदूच्या दृष्टीने मी तुमच्या ३.१ च्या आधी हे विचारेन.

कृष्णाकाठ

उशिरा लिहितेय, माफ करा.

सोमवारी कामावर गेल्यावर आधी स्टँडपाशी गेले. काकांनी म्हटल्याप्रमाणे सगळं लेखी दिलं. आमच्या आरएसओ सरांनी कोपऱ्यापासून गँट्रीपर्यंत टेपने अंतर मोजलं, दोन मीटर चाळीस. मग म्हणाले, तुझा एकटीचा नाही, रात्रपाळीच्या मुलाचा बॅजही या महिन्यात तिथेच लटकतोय. तो शेजारी उभा होता, त्याने गपचूप काढून खिशात घातला. मला पोटापाशी लावायला पॉकेट डोसिमीटर दिलाय. दिवसभरात दहा वेळा बघते. आठवडाभर काटा जागचा हलला नाही.

मुलं धरायचं बंद. काल एक आजोबा आले नातवाला घेऊन, त्यांना अ‍ॅप्रन घातला तर म्हणाले, एवढं वजन तर पंढरीच्या वारीतही नव्हतं उचललं.

थायरॉइड तपासला, गोळी सुरू झाली आहे. सुईणबाई, याबद्दल तुमचे आभार कसे मानू.

एनटी गुरुवारी झाला. माप ठीक आहे. सासूबाई आत आल्या होत्या. बाळाने हात उचलून तोंडाशी नेला, तेव्हा त्यांनी मला नाही, सोनोग्राफीच्या मॅडमना विचारलं, ‘डोकं बरोबर आहे ना?’ मॅडमनी माप घेऊन दाखवलं. घरी येताना रिक्षात राजीनाम्याचा विषय निघाला नाही. पेटरीडिश, ते हिरवे ठिपके मला एकदा बघायचे आहेत, बाळंतपणानंतर पुण्याला आले तर दाखवशील का?

पेटरीडिश

नक्की. फक्त दुधाची वेळ सांभाळून ये, सूक्ष्मदर्शक बुक करायला आमच्याकडे पंधरा दिवसांची रांग असते.